सासऱ्यांची चिमूट

या वेळचं पत्र जळगावहून आलंय. तीन पानी आहे, म्हणून कामापुरतं देतो:

"गेल्या दिवाळीत मुलाच्या हट्टापायी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत क्लाऊनफिशची जोडी, एक यलोटेल डॅमसेल, एक फायर गोबी, एक ब्लू टँग आणि एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आहे. दुकानदार म्हणाला, दिवसातून तीनदा खायला घाला. मोबाइलवर कुणी सांगतं एकदाच, कुणी म्हणतं एक दिवसाआड. आमच्याकडे प्रत्यक्षात किती वेळा होतं याचा हिशेबच नाही. सकाळी मी घालते, शाळेतून आल्यावर मुलगा घालतो, रात्री हे घालतात, आणि दिवसभर नाना, म्हणजे माझे सासरे. ते मूळ अमळनेरकडचे, किराणा दुकान होतं, आता घरीच असतात. टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि मासे काचेशी आले की चिमूटभर टाकतात. काही बोललं की म्हणतात, 'मुका जीव शेतस, भूक लागनी व्हई त्यासले.' दगडांवर हिरवे केस उगवलेत, नायट्रेट ६० च्या वर जातंय, आणि एवढं खाणं पडूनही गोबीचं पोट खपाटीला गेलंय. आखाजीला मी आणि मुलगा सहा दिवस माहेरी जाणार. तेव्हा टाकी पूर्ण नानांच्या हातात. दिवसातून नेमकं किती वेळा द्यायचं ते एकदा छापून टाका, म्हणजे त्यांना दाखवता येईल."

ताई,

आकडा आधीच देऊन टाकतो, कात्रण करायला सोपं पडेल. तुमच्या टाकीतल्या माशांना दिवसातून दोनदा द्या. सकाळी टाकीचा दिवा लागल्यावर अर्ध्या तासानं, आणि संध्याकाळी दिवा बंद व्हायच्या तास-दीड तास आधी. टँगला याशिवाय शेवाळ लागतं, ते पुढे सांगतो. आठवड्यातून एक दिवस काहीच दिलं नाही तरी धडधाकट माशांना काही होत नाही. मी सोमवारी देत नाही. घरात उपासाचा दिवस असतो, त्यामुळे लक्षात राहतं, एवढंच कारण.

आता कात्रणात न मावणारी गोष्ट. तेवढंच खाणं तुम्ही दोनाऐवजी पाच वेळा विभागून घातलंत तरी माझी काही हरकत नाही. समुद्रात मासे काही दोन वेळा ताट मांडून बसत नाहीत. तुमचे क्लाऊन, डॅमसेल, गोबी ही सगळी प्रवाळाच्या आसऱ्यानं राहून वाहत्या पाण्यातले बारीक जीव टिपत दिवस काढणारी जात. थोडं थोडं आणि पुष्कळदा, हेच त्यांच्या पोटाला सवयीचं. घोळ झालाय तो चिमटीनं.

एक करून बघा. पांढऱ्या कागदावर नानांना नेहमीसारखी चिमूट टाकायला सांगा आणि दाणे मोजा. आमच्याकडे हा प्रयोग झालाय. १ मिलिमीटरचे दाणे होते, माझ्या चिमटीत ४० निघाले, आईच्या चिमटीत ७८. ती मीठ घेतल्यासारखं तीन बोटांनी घेते. आता गरज बघा. क्लाऊनला एका वेळेला चार-पाच दाणे, डॅमसेलला तीन-चार, गोबीला दोन-तीन. टँगला थोडे जास्त. सगळे मिळून २५ दाणे म्हणजे एका वेळचं जेवण झालं. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं एक ढोबळ माप सांगतात. तंतोतंत खरं नसलं तरी हात आवरायला बरं आहे. शिवाय त्यांना आपल्यासारखं अंग गरम ठेवायचं नसतं, त्यामुळे खाण्याची गरजही थोडी.

आणि किराणा दुकानदाराचा हात! काट्यावर तोलून झालं की वर आणखी चार दाणे टाकायचे, गिऱ्हाईक खूश. तो हात आता टाकीवर फिरतोय. त्यात वाईट काही नाही, पण टाकीचं पाणी त्या वरच्या चार दाण्यांचाही हिशेब ठेवतं.

तो हिशेबच मांडतो. माशांच्या दाण्यांत साधारण निम्मं प्रथिन असतं आणि प्रथिनात १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे १ ग्रॅम दाण्यांत ८० मिलिग्रॅम नायट्रोजन आला. माशानं खाऊन बाहेर टाकलं काय किंवा न खाता तळाशी सडलं काय, त्याचा आधी अमोनिया होतो, मग दगड-वाळूतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. सगळंच्या सगळं नायट्रेट झालं तर ते ३५० मिलिग्रॅम भरतं. तुमच्या टाकीचं माप १९० लिटर निघतं. दगड-वाळू वजा जाता पाणी १५५ लिटर धरू. भागाकार केला की लिटरमागे जवळजवळ २.३ मिलिग्रॅम, तेही एका ग्रॅमला. रोज एक ग्रॅम जादा पडला तर महिन्याला ७० च्या घरात. थोडं माशांच्या अंगाला लागतं, थोडं पाणी बदलताना निघून जातं, म्हणून तुमचा आकडा साठाच्या पुढे रेंगाळतोय. जळगावच्या माणसाला एका ग्रॅमचं मोल मी धुळ्यात बसून काय सांगावं! सराफ बाजारात सगळं आयुष्य त्याच मापावर चालतं. दगडांवरचे हिरवे केस म्हणजे याच ग्रॅमांचं पीक. त्याला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं आणि दाण्यांतून दोन्ही मिळतं.

तो आकडा खाली आणायचा म्हणजे दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे १५-१६ लिटर. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागतं, म्हणजे दर खेपेला अर्धा किलोच्या वर. हे घरातलं मीठ नव्हे, टाकीचं वेगळं येतं, आणि त्याची किंमत तुम्हाला माहीतच आहे. नानांना वाचवायचे असतील तर पैसे इथे वाचतील. एकदम निम्मं पाणी मात्र बदलू नका. मासे ६० ला सरावलेत, तीन-चार आठवड्यांत हळूहळू उतरू द्या.

गोड्या पाण्यात इतकं जपावं लागत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खरंच आहे. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो, आणि पीएच चढला की अमोनियातला विषारी वाटा वाढतो. पीएच ७ च्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा खपवून घेतो, तेवढाच खाऱ्या पाण्यात दहापटीच्या घरात विषारी ठरतो. दुसरं प्राणवायूचं. खाऱ्या पाण्यात तो मुळात गोड्यापेक्षा एकपंचमांशानं कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. त्यात आपला खान्देशातला उन्हाळा. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि टाकी हवी २४ ते २७ अंशांत. सडणारं खाणं उरलासुरला प्राणवायूही ओढून घेतं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. एका मे महिन्यात आम्ही सगळे बाहेर शेवभाजी खाऊन रात्री साडेदहाला घरी आलो. मासे काचेशी आले. म्हटलं आपण पोटभर जेवलो, यांनी काय घोडं मारलंय, आणि दुप्पट टाकलं. मग गच्चीवर झोपायला गेलो. मध्यरात्री केव्हातरी लाइट गेली. गच्चीवर वारा होता, कुणाला कळलंच नाही. पहाटे पाणी प्यायला खाली आलो तर पंप बंद, पाणी दुधाळ, आणि सगळे मासे वरच्या थराला तोंड लावून. खोलीत वास बाजारातल्या मासळीसारखा. दोन क्रोमिस गेले. तेव्हापासून रात्री नऊनंतर आमच्या घरी टाकीचं झाकण उघडत नाही, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीशेजारीच ठेवलेला असतो. तुमचे हे रात्री येऊन खायला घालतात, ते सगळ्यात आधी बंद करा. हवं तर संध्याकाळची पाळी त्यांना देऊन टाका. तेवढ्यासाठी माणूस लवकर घरी आलाच तर दुहेरी फायदा.

आता गोबी. एवढं पडूनही तो उपाशी कसा? कारण डॅमसेल. तो चिमुकला निळा मासा टाकीतला दादा असतो. दाणे नेहमी एकाच कोपऱ्यात पडतात, तिथे डॅमसेल आणि क्लाऊन तुटून पडतात, आणि गोबी बिळाच्या तोंडाशी ताटकळत बसतो. लाजाळू मासा आहे, गर्दीत घुसत नाही. उरलेलं दगडांत जाऊन सडतं. त्यावर असं करा. आधी पंप आणि वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारं यंत्र) दहा मिनिटं बंद. बंद करतानाच मोबाइलवर गजर लावा, पुन्हा चालू करायचं विसरलं तर केलेलं सगळं फुकट. मग डॅमसेलच्या कोपऱ्यात पाच-सहा दाणे. तो तिकडे गुंतला की बिनसुईच्या इंजेक्शनच्या नळीत दोन-तीन भिजवलेले दाणे टाकीच्या पाण्यासकट ओढून गोबीच्या बिळापाशी हळूच सोडा. पहिले दोन दिवस तो घाबरून आत पळेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळी दिसली की पुढे येईल. हे काम मुलाला द्या, त्याला नळी प्रकार आवडेलच. दोन मिनिटांत जे संपणार नाही ते जास्त झालं असं समजून पुढच्या वेळी कमी करा, आणि तरंगतंय ते जाळीनं काढा. श्रिम्पसाठी मुद्दाम काही टाकायची गरज नाही. ती वेचून खाते.

टँगबद्दल दोन गोष्टी, त्यातली एक कटू. तो चरणारा प्राणी आहे. समुद्रात बारीक जीव टिपतो आणि दगडांवरचं शेवाळही खरवडत फिरतो, आपल्याकडे गावच्या शिवारात शेळी फिरते तसा. त्याला नुसत्या दाण्यांवर ठेवलं तर पोट बिघडतं आणि चिडका होतो. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद मिळतात, नोरी म्हणतात, जपानात भात गुंडाळायला वापरतात ते. बिनमिठाचे, बिनमसाल्याचे घ्या. रोज दोन बोटं रुंद तुकडा चिमट्यात धरून काचेला लावा, चार तासांत संपला नाही तर काढा. पालक, कोथिंबिरीनं भागवू नका, त्यात समुद्री शेवाळाचं पोषण नसतं. हे चिमट्याचं काम खास नानांचं. टाकीसमोर बसून मासा चरताना बघायचा, भूक लागल्याची शंकाही उरत नाही. कटू गोष्ट ही की ब्लू टँग पुरता वाढला तर फूटभर होतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. तीन फुटांत तो कायमचा राहू शकणार नाही. मुलाच्या हट्टाचा मान राखून आजच सांगून ठेवा, दीडेक वर्षात त्याला मोठी टाकी असलेल्या कुणाकडे द्यावं लागेल.

नुसत्या दाण्यांवर ठेवण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा गोठवलेला मायसिस, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, द्यावा. घरात चालत असेल तर, म्हणजे अंडंही चालत नाही अशी घरं मला माहीत आहेत. आमची आई माळकरी, तिनं एकच अट घातली: डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आणि आइस्क्रीमपासून लांब. अर्धी वडी तुमच्या पूर्ण टाकीला एका दिवसाला पुरते. टाकीच्याच पाण्यात वाटीत विरघळवा, चहाच्या गाळणीतून ते पाणी टाकून द्या, आणि फक्त मायसिस घाला. ज्या दिवशी मायसिस, त्या दिवशी तेवढे दाणे कमी. दिवसभर लाइट गेली आणि डबा विरघळला तर पुन्हा गोठवून वापरू नका, मन घट्ट करून फेका. आणि गोड्या पाण्याच्या माशांसाठी मिळतात ते वळवळणारे ट्युबिफेक्स अळ्यांचे गोळे अजिबात घालू नका. खाऱ्या पाण्यात त्या लगेच मरतात आणि मासे जे सोडतील ते सडतं.

दुकानदार तीनदा म्हणाला ते चुकीचं म्हणत नाही मी. त्याच्याकडे मुंबईहून रात्रभर पिशवीत प्रवास करून आलेले रोड झालेले मासे असतात, त्यांना थोडं थोडं तीनदा लागतंच. मोबाइलवरचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, कारण कुणाकडे अँथियस असतात, त्यांना दिवसाला तीन-चार वेळा द्यावं लागतं, आणि कुणाकडे लायनफिश, त्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. मासा न सांगता सांगितलेला आकडा सोडून द्यावा.

नानांचं काय करायचं? मासे काचेशी येतात ते भुकेनं, असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा, मासे त्यांना ओळखायला लागलेत. खुर्ची सरकली, तो सदरा दिसला, की खाणं येतं हे मासे शिकतात. पोट भरलेलं असलं तरी येतात. खोटं वाटलं तर जेवण झाल्यावर दहा मिनिटांनी त्यांनी परत समोर जाऊन बसावं, पुन्हा येतील. मला वाटतं हे ऐकून त्यांना खायला घालण्यापेक्षा जास्त बरं वाटेल.

आणि त्यांच्याकडून पुड्या बांधून घ्या. माझा सगळा सल्ला खरं म्हणजे इथे येऊन थांबतो. ज्या माणसानं सगळी हयात जिरं-मोहरीच्या पुड्या बांधल्या, त्याला 'कमी घाला' असं सूनबाईनं सांगायचं, हे बरं दिसत नाही. त्याला काटा द्या. रविवारी सकाळी दाण्यांची बाटली, कागद आणि दोरा त्यांच्यासमोर ठेवा, एका दिवसाचे ५० दाणे मोजून दाखवा, आणि आठवड्याच्या सहा पुड्या त्यांनी बांधायच्या. वर वार लिहायचा. सोमवारची पुडी नाही. मायसिसच्या वाराची पुडी अर्धी. पुड्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. मग दिवसभरात पुडी कुणीही उघडावी, तुम्ही, मुलगा, हे, नाना. दोनदा घाला, चारदा घाला, पुडी संपली की त्या दिवसाचं दुकान बंद. वर चार दाणे टाकायचे तर ते दुसऱ्या दिवसाच्या पुडीतून जातील, आणि तो हिशेब नानांइतका घरात कुणाला कळणार?

आखाजीचे सहा दिवस. नियमानं सांगायचं तर एक दिवसाआड दिलं तरी तुमचे मासे मजेत राहतील, तीन-चार दिवस काहीच न देताही राहतील. पण पुडी नसलेल्या दिवशी नाना हातावर हात ठेवून बसणार नाहीत. शेव, पोळीचा कुस्करा, सांजोरी, काहीतरी टाकीत पडणारच, सणाचं घर आहे. त्यापेक्षा सहा दिवसांच्या सहा पुड्या ठेवा, पण प्रत्येकीत ५० ऐवजी २५ दाणे. नोरीचे सहा तुकडे कापून ठेवा. आणि त्यांना एक मोठं काम द्या: पाण्याचं. त्या दिवसांत पंखा टाकीवर लावलेला असेल, आपली हवा कोरडी, दोन-तीन लिटर पाणी रोज सहज उडतं. मीठ उडत नाही, त्यामुळे भरायचं ते साधं आरओचं पाणी, मीठ न घालता. काचेवर चिकटपट्टीची खूण करून द्या, रोज सकाळी खुणेपर्यंत भरायचं आणि थर्मामीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आमरसाचा हात मात्र साबणानं धुऊन, आणि साबण पूर्ण काढून, मगच टाकीत.

सगळ्या पुड्या बांधून झाल्या की दाण्यांची मोठी बाटली कपड्यांच्या बॅगेत टाका आणि माहेरी घेऊन जा. विसराल म्हणून मुलाला सांगून ठेवा.